मशीनचं राहू द्या, तुम्ही मर्ज कधी करता?

या महिन्यात एकाच विषयावर, म्हणजे सीआयवर (कंटिन्युअस इंटिग्रेशन: टीमचा कोड वरचेवर एकत्र करून मशीनकडून तपासून घेणं), तीन पत्रं आली, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. पहिलं पत्र लांब आहे आणि त्याचं उत्तर त्याहून लांब झालंय. कापायला बसले होते, पण कापवेना.

प्रश्न १

ताई, नमस्कार. आमची सहा डेव्हलपरांची टीम आहे. चार वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा रिलीज म्हणजे एक शेल स्क्रिप्ट (ओळीनं चालणाऱ्या कमांडची छोटी फाइल) होती. ती चालवायची, पाच-सात मिनिटं थांबायचं, झालं. मग 'आपल्याकडे सीआय हवं' असं ठरलं. आज आमच्या पाइपलाइनची (कोड तपासणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीची) यॅमल फाइल, म्हणजे त्या पायऱ्यांच्या सूचनांची फाइल, नऊशे ओळींची आहे. एका रनला चाळीस मिनिटं लागतात आणि ते चालवणारी मशीन, म्हणजे रनर, दोनच आहेत. ती फाइल नीट कळते ती एकालाच, आणि तो दोन आठवड्यांपासून रजेवर आहे. त्यात परवापासून बिल्ड (कोड जुळवून तपासायचा रन) लाल, म्हणजे नापास, आहे. कोणी तरी 'री-रन' दाबतं, कधी हिरवा होतो, कधी नाही. आमचे मॅनेजर म्हणतात, सीआयमुळे गुंतागुंत कमी होते, सगळं जग वापरतंय. टीममधले सर्वांत जुने सहकारी म्हणतात, हे लफडं नव्हतं तेव्हा बरं होतं. फीचर ब्रँच साधारण तीन आठवडे चालते (नव्या कामासाठी काढलेली कोडची वेगळी प्रत), मग मर्ज, म्हणजे ती मूळ कोडमध्ये मिसळणं, मग दोन दिवस सगळे मिळून निस्तरतो. ते पूर्वीही होतं, आताही आहे. मग या टूलनं आमचं काम कमी केलं की वाढवलं?

उत्तर

वाढवलं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे असं म्हणून तुमची बोळवण करत नाही. तुमच्या टीमपुरतं तुमच्या जुन्या सहकाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. फक्त ते ज्याला दोष देताहेत तिथे तो नाही, आणि हे तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे. नऊशे ओळींबद्दल तुम्ही तळमळून लिहिलंय, चाळीस मिनिटांबद्दल लिहिलंय, आणि 'फीचर ब्रँच साधारण तीन आठवडे चालते' हे मात्र जाता जाता टाकून दिलंय. पत्र वाचताना मी त्या ओळीखाली पेनानं रेघ मारली.

कंटिन्युअस इंटिग्रेशन या नावातला कामाचा शब्द इंटिग्रेशन, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र आणणं. कंटिन्युअस म्हणजे सतत. निदान रोज एकदा तरी. सहा माणसं तीन-तीन आठवडे आपापल्या ब्रँचवर बसत असतील तर तुमचं इंटिग्रेशन तीन आठवड्यांनी होतं. मधल्या काळात तुमचे रनर दिवसभर जे फिरवतात तो प्रत्येकाचा एकट्याचा कोड. तो हिरवा आला तर त्याचा अर्थ एवढाच, की बाकीचे पाच जण अस्तित्वातच नसते तर हा कोड चालला असता.

हे सगळं टूलच्या आधीपासून होतं, हे आता विसरायला झालंय. ग्रेडी बूच या सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी हा शब्द १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरला. त्याच दशकाच्या अखेरीस केंट बेक आणि एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कामाच्या पद्धतीच्या मंडळींनी ती रोजची सवय करून टाकली. तेव्हा एक वेगळं मशीन ठेवलेलं असायचं. आपलं काम झालं की त्याच्यापुढे जाऊन बसायचं, आपला कोड चढवायचा, सगळ्या टेस्ट चालवायच्या, हिरव्या झाल्या की उठायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. हे आपोआप करणारं क्रूझकंट्रोलसारखं टूल २००१ मध्ये खुलं झालं. त्यानंतरही, २००६ मध्ये, जेम्स शोर या प्रोग्रॅमरनी लिहिलं की एक जुना कॉम्प्युटर, एक रबरी कोंबडी आणि एक घंटा एवढ्यावर भागतं. कोंबडी ज्याच्या हातात त्याचीच मर्ज करायची पाळी, आणि काम फत्ते झालं की घंटा वाजवायची. मला ही कोंबडी फार आवडते. तिला प्लगइन लागत नाहीत.

जेन्किन्स या सीआयच्या टूलची गोष्टही अशीच घरगुती आहे. कोसुके कावागुची सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होते. आपल्या कमिटमुळे (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलामुळे) बिल्ड तुटतो आणि टीमची बोलणी खावी लागतात, याला कंटाळून त्यांनी २००४ मध्ये हडसन लिहायला घेतलं. पुढे ओरॅकलनं सन विकत घेतली, नावावरून बिनसलं आणि २०११ मध्ये हडसनचं जेन्किन्स झालं. म्हणजे ज्या टूलनं पुढे कित्येक टीमचा दिवस व्यापला ते एका माणसानं स्वतःची चूक दुसऱ्याच्या आधी आपल्याला कळावी म्हणून लिहिलं होतं.

आता माझं सांगते. पहिल्या नोकरीत आमच्याकडे 'मर्जचा आठवडा' असायचा. चार टीम, तीन महिने, चार ब्रँच. त्या आठवड्यात रजा मिळत नसे. एका वर्षी काय झालं ते अजून ओळन्‌ओळ आठवतं. कनेक्शनसाठी किती वेळ वाट पाहायची हे ठरवणारं एक फंक्शन होतं. त्याला सेकंद द्यायचे. दुसऱ्या टीममधल्या मैत्रिणीनं ते बदलून मिलिसेकंद केले, जिथे जिथे ते वापरलं होतं तिथे ३० चे ३०००० केले, टेस्ट चालवल्या, सगळं हिरवं. नाव ठेवायला जागा नाही असं काम. त्याच महिन्यात माझ्या ब्रँचवर मी एक नवी फाइल लिहिली, त्यात तेच फंक्शन वापरलं आणि त्याला ३० दिले. माझ्याही टेस्ट हिरव्या. मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) आला नाही. येणार कसा? आम्ही दोघींनी एकाच ओळीला हात लावलेलाच नव्हता, आणि मर्ज करणारं टूल फक्त ओळी बघतं. बिल्ड झाला. नवा भाग सुरू केला की कनेक्शन तीस मिलिसेकंदांत तुटायचं. त्यातही ऑफिसच्या नेटवर्कवर कधी कधी जमून जायचं, म्हणून पहिले दोन दिवस आम्ही नेटवर्कवाल्यांच्या नावानं खडे फोडले. चूक सापडली चौथ्या दिवशी, आणि तीही माझ्या शेजारी बसलेल्याला, चहाटळपणे 'हे तीस काय?' असं विचारताना.

रोज मर्ज करत असतो तर तिचा बदल दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला असता. तरीही मी तीस लिहिले असते कदाचित. पण मग चूक शोधायची होती काल लिहिलेल्या दहा ओळींत. चार टीमच्या तीन महिन्यांच्या कोडमध्ये नव्हे. तुमचे मॅनेजर जी गुंतागुंत कमी होते म्हणतात ती ही, आणि ती कमी करते मर्जची सवय. सर्व्हर फक्त आठवण ठेवतो. तुम्ही सवय घेतली नाही, सर्व्हर तेवढा घेतला.

त्यात तुमचा सर्व्हर हळू आहे, आणि माझ्या मते खरं घोडं इथे पेंड खातं. जरा हिशेब करू. सहा जणांनी दिवसातून चार-चार वेळा कोड ढकलला (सर्व्हरवर पाठवला) तर चोवीस रन. चाळीस मिनिटांच्या हिशेबानं सोळा तास. दोन रनरमध्ये वाटले तरी प्रत्येकी आठ, म्हणजे सकाळी आल्यापासून संध्याकाळी निघेपर्यंत दोन्ही मशीन अखंड जुंपलेली, मध्ये एकही री-रन नाही असं धरून. तुम्ही तर री-रन दाबत बसला आहात. मग माणूस काय करतो? दिवसातून चारदा ढकलायचं ते एकदा ढकलतो. मग दोन दिवसांतून एकदा. 'सगळं झालं की एकदमच टाकतो' म्हणतो. ब्रँच लांबते, मर्ज जड होतं, मर्जमध्ये काही तरी निसटून प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, जातं. मग मीटिंग होते आणि मीटिंगमध्ये कोणी तरी म्हणतं, पाइपलाइनमध्ये आणखी एक तपासणी घालू. चाळीसची पंचेचाळीस मिनिटं. तुमच्या नऊशे ओळी एका दिवसात कोणी लिहिलेल्या नाहीत; त्या अशाच एकेका मीटिंगमधून आल्या असणार. गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलचा) इतिहास काढून बघा, पैजेवर सांगते.

यॅमलबद्दल मात्र तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूनं बोलायला हवं. या टूलनी जी नवी गुंतागुंत आणली ती काल्पनिक नाही. एक नमुना बघा. पायथन भाषेची ३.९ आवृत्ती चालू होती, पाइपलाइनच्या फाइलमध्ये पायथन-व्हर्जन ३.९ असं लिहिलेलं होतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ३.१० आली. आमच्यातल्या एकानं ९ खोडून १० केलं, दुसरं काही नाही. बिल्ड लाल: पायथन ३.१ सापडत नाही. ३.१ कोणी मागितलं होतं? यॅमलनं. अवतरणचिन्हं नसतील तर ३.१० ही त्याच्या लेखी दशांश संख्या, आणि दशांश संख्येत शेवटच्या शून्याला किंमत नसते. त्या मुलाची त्या दुपारची कमिटची यादी मी जपून ठेवली आहे: 'सीआय दुरुस्ती', 'सीआय दुरुस्ती २', 'परत', 'आता तरी', 'कृपया'. त्याचा प्रोग्रॅमशी काडीचा संबंध नव्हता. एका शून्यासाठी दुपार गेली, कारण ती फाइल स्वतःच्या मशीनवर चालवून बघायची सोय नव्हती. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक कमिट, एक रांग, एक वाट बघणं. माझा सगळा राग यावर आहे. प्रोग्रॅम चुकला तर डीबगर लावता येतो. पाइपलाइन चुकली तर नवस बोलावा लागतो.

असेच आणखी काही खड्डे. रनरसाठी 'उबुंटू-लेटेस्ट' (उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची ताजी आवृत्ती) लिहिलं की वाटतं आपण एक मशीन निवडलं. प्रत्यक्षात आपण 'जे असेल ते' म्हणालो. २०२२ च्या अखेरीस तेच नाव २०.०४ वरून २२.०४ वर गेलं, पुढे २४.०४ वर. कोणी एक ओळ बदललेली नसताना बिल्ड पडतो तो यातूनच. परवापासून तुमचा लाल आहे म्हणता, तर आधी हे बघा की परवा तुम्ही काय बदललं आणि तुमच्या पायाखाली काय बदललं. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं सीआय टूल) एखादा जॉब लटकला आणि तुम्ही वेळेची मर्यादा लिहिलेली नसेल तर ठरलेली मर्यादा ३६० मिनिटं आहे. सहा तास. लटकलेली एक टेस्ट दिवस खाते आणि कोणाला कळतही नाही.

आणि चाव्या, म्हणजे पासवर्डसारखी गुपितं. आपण प्रॉडक्शनचा पासवर्ड सहकाऱ्यालाही देत नाही, पण पाइपलाइनमध्ये कोणा अनोळखी माणसानं लिहिलेली तयार पायरी, म्हणजे अ‍ॅक्शन बिनदिक्कत घालतो, त्याच्याच खोलीत सगळ्या चाव्या टांगून. मार्च २०२५ मध्ये 'कोणत्या फाइल बदलल्या' एवढंच सांगणाऱ्या एका लोकप्रिय अ‍ॅक्शनमध्ये घुसखोरी झाली. तेवीस हजारांहून जास्त रेपो (कोडची कोठारं) ते वापरत होते. घुसखोरांनी जुन्या आवृत्त्यांचे टॅगच (आवृत्तीच्या नावाच्या चिठ्ठ्या) नव्या, खराब कमिटकडे वळवले आणि गुप्त चाव्या बिल्डच्या लॉगमध्ये छापून घेतल्या. ज्यांनी टॅगऐवजी आधीच्या कमिटचा पूर्ण हॅश (न बदलणारा ओळखक्रमांक) लिहून ठेवला होता त्यांना टॅग फिरवल्याची झळ लागली नाही. तुमच्या नऊशे ओळींत परक्यांची अ‍ॅक्शन किती आहेत, मोजा. मला उत्तर नको, तुम्हाला आकडा माहीत असू द्या.

री-रनबद्दल. कधी लाल, कधी हिरवी होणाऱ्या टेस्टला तुम्ही लोक फ्लेकी म्हणता, मी लहरी म्हणते. गूगलच्या टेस्टिंगवाल्यांनी २०१६ मध्ये स्वतःच लिहिलं होतं की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये काही ना काही लहरीपणा आहे. तेव्हा लाज वाटायचं कारण नाही, पण गणित बघा. दोनशे टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट दोनशेतून एकदा विनाकारण पडते, तर सगळ्या एकदम हिरव्या यायची शक्यता जेमतेम ३७ टक्के. कोडमध्ये काहीही चूक नसताना शंभरातले त्रेसष्ट रन लाल. अशा टीममध्ये लाल रंग बघून कोणी हलत नाही. लांडगा खरंच येतो तेव्हाही सगळे री-रन दाबतात.

आमच्याकडे एक टेस्ट अशीच पडायची, आणि तीही एकाच मुलाच्या कमिटवर. त्याचं नावच पडलं होतं 'बिल्डफोड्या'. तो बिचारा रात्री जागून काम करणारा. सात-आठ आठवड्यांनी मी चिडून लॉगमधल्या फक्त वेळा कागदावर उतरवल्या, तेव्हा दिसलं की पडलेला प्रत्येक रन मध्यरात्रीनंतरचा. कोड 'आजची तारीख' आमच्या टाइमझोनप्रमाणे काढत होता, टेस्ट मशीनच्या घड्याळावरून काढत होती. लॅपटॉपवर दोन्ही सारखंच. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर). आमच्याकडे तारीख बदलली आणि यूटीसीत बदलायची होती, तेवढ्या तासांत टेस्ट हमखास पडायची. त्या वेळी कोड ढकलणारा तो एकटाच. दोन ओळींची दुरुस्ती झाली. माफी मात्र सगळ्यांनी मागितली नाही.

आता तुम्ही काय करायचं. मी तुमच्या जागी असते तर सोमवारी ती जुनी शेल स्क्रिप्ट शोधली असती. गिटच्या इतिहासात असेलच. ती बरोबर होती! तिची जागा यॅमलनं घ्यायला नको होती. यॅमलनं तिला नुसतं बोलवायचं होतं. कोणतं मशीन, कोणता कोड, ही स्क्रिप्ट चालव, निकाल इथे ठेव: एवढंच त्या फाइलमध्ये उरलं पाहिजे. बाकी सगळी अक्कल स्क्रिप्टमध्ये, जी तुमच्यापैकी कोणीही स्वतःच्या लॅपटॉपवर चालवू शकेल. परीक्षा सोपी आहे: कोरा लॅपटॉप घ्या, रेपो क्लोन करा, एक कमांड द्या. बिल्ड होऊन टेस्ट चालल्या तर तुमचं सीआय तुमच्या मालकीचं. नाही चालल्या तर रजेवर गेलेल्या माणसाच्या मालकीचं.

मग चाळीस मिनिटांची चिरफाड. लॉगमधून प्रत्येक पायरीची वेळ कागदावर काढा आणि समोर लिहा, गेल्या सहा महिन्यांत हिनं खरी चूक कधी पकडली. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाले दहा मिनिटांचा बिल्ड म्हणत. तो आकडा मला अजूनही बरोबर वाटतो, कारण दहा मिनिटं माणूस त्याच कामात मन ठेवून थांबतो, त्यापुढे दुसरं काही उघडतो. आम्ही एकदा हे केलं तेव्हा पस्तीसातली अकरा मिनिटं तीच ती लायब्ररी दर वेळी नव्यानं डाउनलोड करण्यात जात होती. कॅश (एकदा उतरवलेलं जपून ठेवायची सोय) लावला, संपलं. आणखी सहा मिनिटं मदतपुस्तिकेतलं शुद्धलेखन तपासण्यात. ती पायरी घालणारा दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता आणि मदतपुस्तिका त्याच्याही आधी बंद झाली होती. काढायची हिंमत कोणाची होत नव्हती, 'असेल काही तरी कारण' म्हणून. मी एका शुक्रवारी काढली. आजतागायत कोणी विचारलेलं नाही. ब्राउझर उघडून चालणाऱ्या लांबलचक टेस्ट प्रत्येक कमिटला नकोत. मर्ज झाल्यावर किंवा रात्री चालवा. लहरी टेस्ट बाजूला काढून वेगळ्या रनमध्ये ठेवा, तिथे त्या कोणाला अडवणार नाहीत, आणि आठवड्याला एक दुरुस्त करा किंवा पुसून टाका.

ब्रँच दोन दिवसांपेक्षा जास्त लांबवू नका. 'फीचर तीन आठवड्यांचं आहे, दोन दिवसांत कसं मर्ज करू' हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. अर्धवट फीचर मर्ज करा, पण फ्लॅगमागे (फीचर चालू-बंद करायच्या खटक्यामागे) बंद ठेवा. फ्लॅगचाही कचरा साठतो, ते नाकारत नाही. म्हणून फ्लॅग घालतानाच शेजारी तो काढायची तारीख लिहा. इथे मी गुंतागुंत वाढवायला सांगतेय हे मान्य, पण ही डोळ्यांसमोर असते आणि तीन आठवड्यांच्या मर्जपेक्षा खूप स्वस्त पडते.

आणि रजेवरचे सद्गृहस्थ परतले की महिनाभर त्यांना त्या फाइलला हात लावू देऊ नका. बदल बाकीच्यांनी करायचे, त्यांनी शेजारी खुर्ची टाकून बसायचं. त्यांना राग येईल. पण पुढच्या रजेत त्यांचा फोन वाजणार नाही, हे सांगून बघा.

प्रश्न २

ताई, मी शेवटच्या वर्षाला आहे. एकटीच एक छोटं ओपन सोर्स टूल लिहिते. मित्र म्हणतो, बायोडेटावर बरं दिसतं, सीआय लाव. एकट्या माणसाला याची गरज असते का?

उत्तर

मित्राचं कारण सोड, पण लाव. तुझ्याकडे एकत्र करायला दुसऱ्या कोणाचा कोड नाही हे खरं. पण तुझ्या लॅपटॉपवर कधी तरी हातानं टाकलेली लायब्ररी आहे, कमिट करायची राहून गेलेली एक फाइल आहे, आणि तुला त्यातलं काहीच आठवत नाहीये. कोऱ्या मशीनला ते दुसऱ्या मिनिटाला कळतं. तुझं टूल पहिल्यांदा डाउनलोड करणाऱ्या माणसाच्या आधी ते तुला कळलेलं बरं.

पंधरा-वीस ओळींच्या वर जाऊ नकोस. कोड घे, लायब्ररी टाक, टेस्ट चालव, बस्स. सहा ऑपरेटिंग सिस्टिम आणि पाच आवृत्त्यांचा तक्ता दुसऱ्याच्या रेपोतून उचलून लावशील तर परीक्षेच्या आठवड्यात तीस चौकटींतल्या एका लाल चौकटीमागे धावशील. दर आठवड्याला आपोआप चालणारा रन लावणार असशील तर एक गोष्ट आधीच सांगते: सार्वजनिक रेपोत साठ दिवस काहीच हालचाल नसेल तर गिटहब तो वेळापत्रकावरचा रन बंद करतं. तुझं काही चुकलेलं नसतं, पुन्हा चालू करायचा. पायथन वापरत असशील तर आवृत्तीला अवतरणचिन्हं घाल. वरचं उत्तर वाचलंच असशील.

मुलाखतीत विचारलं तर 'यात माझी कोणती चूक सापडली' ते सांग. अजून सापडली नसेल तर थोडं थांब, सापडेल.

प्रश्न ३

जेन्किन्स, गिटलॅब आणि गिटहब अ‍ॅक्शन्स यांतलं सर्वांत कमी गुंतागुंतीचं कोणतं? आम्हाला या तिमाहीत निर्णय घ्यायचा आहे. (एक मॅनेजर)

उत्तर

तुमचा कोड आज जिथे आहे तिथलंच घ्या. दोन ठिकाणची लॉगिन, दोन ठिकाणच्या परवानग्या आणि मधली सांधेजोड एवढं वाचतं, आणि तेच बरंच असतं.

जेन्किन्सबद्दल मला माया आहे, माझं अर्धं आयुष्य त्यात गेलंय. पण त्याची अठराशेहून जास्त प्लगइन आहेत, आणि त्यांतली तुम्ही वापराल ती एकमेकांशी पटवून ठेवणं हे कोणाचं तरी काम असतं. तो माणूस नेमणार असाल, त्याच्या आठवड्यातला एक दिवस त्यासाठी राखणार असाल, तर जरूर घ्या. खास हार्डवेअर किंवा बाहेर न जाणारं नेटवर्क एवढ्याच कारणासाठी जेन्किन्सकडे जात असाल तर थांबा, बाकीच्या दोघांतही स्वतःच्या मशीनवर रनर बसवता येतो.

तिमाहीभर तुलनेचे तक्ते करू नका. तुमच्यातला एखादा खरा प्रोजेक्ट घ्या, त्याची बिल्ड स्क्रिप्ट बाहेर काढा आणि दोन टूलवर दोन-दोन दिवस चालवून बघा. दुसऱ्यावर न्यायला पहिल्याइतकाच वेळ लागला तर दोष टूलचा नाही, स्क्रिप्ट अजून पुरती बाहेर आलेली नाही. आणि ही चाचणी करायला ज्यांना बिल्ड पडल्यावर मेसेज येतो त्यांना बसवा, ज्यांना महिन्याचा अहवाल जातो त्यांना नको.